छप्पन्न अंशांची वेज

बोपचे साहेबांनी वेज माझ्या हाती दिली, म्हणाले,
"पंधरा दिवस वापर. मग सांग, ठेवू की परत करू.
माझ्या तोंडाकडे पाहून सांगू नको."
बावीस वर्षं त्यांची बॅग वाहतोय,
असं पहिल्यांदाच झालं.

ठोकीव लोखंड आहे, ओतीव नाही,
असं खोक्यावर छापलं होतं. छापणाऱ्याचं काय जातं.
मी ती पायाशी टेकवली, वरून पाहिली:
पुढची कड सरळ, माथा बारीक, चकाकी अजिबात नाही.
मे महिन्यात कामठी रोडच्या उन्हात
हाच पहिला गुण.

पहाटे साडेपाच. फवारे अजून चालू.
वीस पावलांवरून पन्नास चेंडू.
मग तीस पावलांवरून. मग जिथं गवत जळून गेलंय
आणि जमीन खापरासारखी वाजते, तिथून.
बाहेरगावच्या वेज इथंच फसतात.
बाऊन्स जास्त असला की तळ आपटून उसळतो,
कड चेंडूच्या पोटात बसते
आणि चेंडू ग्रीन ओलांडून थेट
पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर.
हिचा बाऊन्स आठ. टाचेकडून तळ घासून काढलेला,
पातं उघडं धरलं तरी कड वर उठत नाही.
पन्नासातले एक्केचाळीस वर्तुळात. वहीत लिहिलं.
ऑगस्टात काळी माती फुगली की ही रुतेल,
तेही लिहिलं.

एक गोष्ट मात्र वहीत बसेना.
चेंडू नेमका लागला की आवाज जवळजवळ येतच नाही.
हाताला कळतं, तेही जरा उशिरा,
पलीकडच्या खोलीत कुणी भरल्या पोत्यावर थाप मारावी तसं.
याला गुण किती द्यायचे?

म्हणून घरी नेली, बाबांकडे.
एकतीस वर्षं अंबाझरीच्या कारखान्यात, घणाच्या खात्यात.
डावा कान तिथंच राहिला.
त्यांनी चष्मा मागितला नाही.
दोन बोटांत मान धरून लोंबती सोडली,
नखानं टिचकी मारली, उजव्या कानाशी नेली.
पुन्हा मारली. आईनं मिक्सर बंद केला.
"ठोकलेलंच आहे. पण मऊ.
काऊन इतकं मऊ केलं?"
"चेंडू हळू टाकायला."
ते हसले नाहीत.
"आमच्याकडं हळू टाकायचं काहीच नव्हतं बाप्पा."

रविवारी ते मैदानावर आले, स्कूटरवर मागं बसून,
डोक्याला ओला दुपट्टा.
पंचवीस पावलांवरून मी एक टाकला.
चेंडू उठला, पडला,
एकदा टुणकला, पकड घेऊन थांबला.
बाबा तिथवर चालत गेले. गुडघे दुखतात, तरी.
वाकून बोटानं चाचपला ग्रीनवरचा खळगा,
नखाएवढा,
आणि तिथूनच ओरडले,
आपला आवाज किती मोठा ते न कळणारा माणूस ओरडतो तसे:
"एकतीस वर्षं ठोकलं मी!
कुठं पडलं, एकदाही नाही पाहिलं!"

माळ्यानं पाईप खाली ठेवला.
मी काय बोलणार.
खिशातला काटा काढून दिला, खळगा भरायचा कसा ते दाखवलं:
कडेची माती आत ढकलायची,
खालून उचलायची नाही, मुळं तुटतात,
मग पायानं हलकं दाबायचं.
त्यांनी भरला. नीट.
मग दुसऱ्या कुणाचे राहिलेले तीन.
मग चौथा शोधत राहिले.

सोमवारी साहेबांना सांगितलं, ठेवा.
पावसाळ्यात जुनी काढा.
खाचांतली माती ब्रशनं, खिळ्यानं नको.
गंज चढेल, चढू द्या.
"आणि आवाज?" त्यांनी विचारलं.
मी वही चाळल्यासारखं केलं.
म्हटलं, तेवढं पान कोरं आहे साहेब.